एकशे सतरा नंबरचा श्रोता

देवनळीच्या नाट्यगृहात एवढी गर्दी याआधी फक्त एकदाच झाली होती, लावणी महोत्सवाला. आज तर बाहेर पडदा लावूनही लोक खिडक्यांना लटकले होते. रविवारची संध्याकाळ, विधानसभेची निवडणूक दोन आठवड्यांवर, आणि राज्यातल्या दोन मोठ्या पक्षांचे नेते पहिल्यांदाच समोरासमोर उभे राहणार होते. जनसेतू पक्षाचे रणधीर मोहोळकर आणि नवी दिशा आघाडीच्या नलिनी खरात. मुंबईच्या स्टुडिओत चर्चा आणि राज्यभरातल्या चाळीस सभागृहांत प्रेक्षक. त्या चाळिसांत देवनळीचा नंबर लागला, तेव्हा गावात फटाके वाजले होते.

आत अंकुशराव तौर रांगारांगांतून फिरत होते. जनसेतू पक्षाचे तालुकाध्यक्ष, सगळ्या गावाचे अण्णा. वय पासष्ट, आवाज चाळिशीतला.

"साहेब बोलले की टाळ्या. त्या बाई बोलल्या की खाकरायचं. शिट्टी मारू नका, टीव्हीवर वाईट दिसतं. काय?"

"व्हय अण्णा!" निम्म्या सभागृहानं उत्तर दिलं. अण्णांचे जुने सहकारी नागनाथ लोखंडे यांनी तर खाकरून सरावही केला.

रंगमंचाच्या कडेला संगणकापाशी बसलेली अश्लेषा हे ऐकून हसली. ती अण्णांची एकुलती एक मुलगी. बायोमेडिकल इंजिनिअर होऊन पुण्याच्या एका छोट्या कंपनीत ती काम करत होती, आणि आज प्रत्येकाच्या मनगटावर जी पट्टी बांधली होती, ती तिच्या चमूनं बनवली होती. पट्टीचं नाव एकताल.

"अण्णा, टाळ्यांचा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "पट्टीला टाळ्या ऐकू येत नाहीत."

"मग काय ऐकू येतं तिला?"

"काळीज."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. बसा, सांगते."

अण्णा बसले नाहीत, पण थांबले. अश्लेषानं त्यांना सांगितलं ते असं. आपलं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, आणि आपण काही मन लावून ऐकायला लागलो की ते ऐकण्याबरोबर बदलतं. 'आणि मग दार उघडलं' असं कुणी म्हणालं की ठोके किंचित लांबतात, दाराआडून माणूस बाहेर आला की भरभर पडतात. गंमत म्हणजे एकच गोष्ट एक जण नागपुरात ऐकत असेल आणि दुसरा सावंतवाडीत, दोघांची ओळखदेख नसेल, तरी त्यांची हृदयं त्याच शब्दाला मंदावतात आणि त्याच शब्दाला धावतात. अट एकच, दोघं खरोखर ऐकत असले पाहिजेत. मन घरच्या भांडणात किंवा उद्याच्या कामात असेल, तर हृदय आपल्या वाटेनं जातं आणि ताल जुळत नाही. पट्टी फक्त ठोके पाठवते. राज्यभरातले दहा हजार ताल एकमेकांशी किती जुळताहेत, हे संगणक पाहतो आणि पडद्यावर एक रेघ काढतो. जुळले की रेघ वर, फिसकटले की खाली.

"म्हणजे कोण आवडतंय ते कळतं," अण्णा म्हणाले.

"नाही. कोणाचं ऐकलं जातंय तेवढंच कळतं. आवडणं वेगळं."

"एकच की ते," अण्णा म्हणाले आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीकडे गेले. शेजारच्या खुर्चीत त्यांची पत्नी सिंधूताई आधीच येऊन बसल्या होत्या. पक्षाच्या प्रत्येक सभेला त्या अशाच वेळेवर येऊन बसत.

अण्णांसारखंच सगळ्या राज्याला वाटत होतं की रेघ म्हणजे कौल. वाहिनीनंही तो गैरसमज दूर करण्याची तसदी घेतली नव्हती. उलट 'रेघ कुणाची?' असे फलक चौकाचौकात लागले होते. रेघ नेत्यांनाही दिसणार होती, त्यांच्या समोरच्याच पडद्यावर. दोघांनी ती अट हसत हसत मान्य केली होती, कारण दोघांनाही स्वतःबद्दल खात्री होती.

सहा वाजले. पडदा उजळला.

मोहोळकर आधी बोलले. पहाडी आवाज, पांढरी शुभ्र दाढी, शब्दांची फेक अशी की मागच्या माणसालाही वाटावं साहेब आपल्याशीच बोलताहेत. देवनळीत टाळ्यांचा पाऊस पडला. नागनाथ उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि रेघ?

रेघ जमिनीवर झोपलेल्या सापासारखी पसरली होती. जरा वळवळली, पुन्हा निजली.

"मशीन बंद पडलं का काय?" कुणीतरी ओरडलं.

मशीन चालू होतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि ऐकत नव्हते. साहेबांचं पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, ते वाक्य यायच्या आधीच त्यांची टाळी तयार असे. हात एकदम वाजत होते आणि काळजं आपापल्या घरी गेली होती.

मग नलिनी खरात उभ्या राहिल्या. बारीक चणीच्या, आवाज जरा चिरका. देवनळीतलं निम्मं सभागृह खाकरलं. बाईंनी एक क्षण थांबून विचारलं, "तुमच्या तालुक्याच्या गावातून डोंगराकडच्या खेड्यांना जाणारी शेवटची बस किती वाजता सुटते? आठवून बघा."

खाकरणं थांबलं.

"माझ्या तालुक्यात साडेचारला सुटते. कॉलेज सव्वापाचला सुटतं. मधल्या पाऊण तासात किती मुलींचं शिक्षण संपलं, ते मी मोजलं आहे. सरकारनं मोजलेलं नाही, कारण नापास झालेल्याची नोंद होते, घरी बसवलेलीची होत नाही. त्यातल्या एकीच्या घरी मी गेले होते. ती मला म्हणाली, बाई, मला गणितात अठ्ठ्याऐंशी होते, पण बसला गणित येत नाही."

रेघ उठली. आधी हळू, मग वाऱ्यावर घेतलेल्या पतंगासारखी सरसर वर गेली. चाळीस सभागृहांतून एकाच वेळी 'ओऽ' असा आवाज उमटला. देवनळीत नागनाथांनी एकट्यानं खाकरून पाहिलं, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई खेकसली, "गप बसा की ओ! ऐकू द्या!"

अश्लेषा संगणकाकडे बघत होती. तीन वर्षं प्रयोगशाळेत तीस-चाळीस माणसांवर जे पाहिलं होतं, ते आज दहा हजार माणसांत घडत होतं. गडचिरोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत दहा हजार हृदयं 'बसला गणित येत नाही' या एका वाक्याला मिळून थबकली होती. तिला उठून नाचावंसं वाटलं.

मध्यंतर झालं तेव्हा सभागृहात मॅचच्या ब्रेकसारखा कल्ला होता. पैजा लागत होत्या. अण्णांचा फोन थांबत नव्हता. मुख्यालयातून कुणीतरी ओरडत होतं, "अंकुशराव, तुमची माणसं करताहेत काय? हॉल तुमचा आणि रेघ तिची?"

त्याच वेळी अश्लेषाचाही फोन वाजला. मुंबईहून कार्यक्रमाचा निर्माता सौमिल बोलत होता, धाप लागल्यासारखा.

"अश्लेषा, कमाल झालीय! दहा हजारांत खरातबाईंचं भाषण सगळ्यात मन लावून कुणी ऐकलं, ते काढलंय आम्ही. ताल जवळजवळ पूर्ण जुळतो. आणि तो तुझ्या हॉलमधला आहे! देवनळी, पट्टी एकशे सतरा. नाव सांग, लगेच कॅमेरा लावतो. महाराष्ट्राचा सर्वोत्तम श्रोता!"

नंबर आणि नाव यांची जोडणी मुंबईला जात नसे. ती फक्त त्या त्या सभागृहातल्या संगणकात असे, तशीच रचना अश्लेषाच्या चमूनं मुद्दाम केली होती. पट्टी बांधताना तिनं प्रत्येकाला शब्द दिला होता की तुमचं नाव बाहेर जाणार नाही. तिनं एकशे सतरा उघडून पाहिलं.

अंकुश गणपत तौर.

तिनं पडद्यावरून नजर उचलली. खाली पहिल्या रांगेसमोर तिचे वडील फोनवर हात नाचवत सांगत होते, "साहेब, आपली सगळी माणसं पक्की आहेत, मी स्वतः हमी देतो."

"अश्लेषा? नाव?"

"नाव देता येणार नाही."

"म्हणजे?"

"लोकांना शब्द दिलाय. करारातही लिहिलंय."

"करार बघू नंतर. दहा मिनिटं आहेत तुझ्याकडे. नाव नाही आलं तर तुझ्या कंपनीचं आणि आमचं काम आजपासून संपलं." फोन कट झाला.

ती उठली. ते नाव जगाला सांगायचा तिला अधिकार नव्हता, पण ज्याचं त्याला सांगायला हरकत नव्हती. तिनं अण्णांना विंगेत ओढलं आणि सरळ सांगून टाकलं.

अण्णांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग तांबडा झाला.

"खोटं आहे. बिघडलंय तुझं मशीन."

"अण्णा, मोहोळकर साहेब पहिल्या भागात काय बोलले?"

"काय म्हणजे? विकासावर बोलले. आणि... आपल्या धोरणावर."

"एक वाक्य सांगा."

अण्णांनी तोंड उघडलं. तीस वर्षं ज्यांच्या सभांना माणसं गोळा केली, त्यांचं अर्ध्या तासापूर्वीचं एक वाक्य त्यांना आठवेना.

"आणि खरातबाई?"

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी मार्क होते गं त्या पोरीला."

अश्लेषाला ठाऊक होतं ते वाक्य त्यांना कुठे लागलं होतं. ती शाळेत असताना दोन वर्षं अण्णा रोज संध्याकाळी स्वतःच्या जीपमधून डोंगराकडच्या मुलींना घरी पोचवत. मुली मागे दाटीवाटीनं बसत, अश्लेषा पुढे वडिलांच्या शेजारी. जीप मोडीत निघाली तशी एकेक मुलगी घरी बसली. त्यानंतर अण्णांनी बससाठी पक्षाकडे किती खेटे घातले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"पुसून टाक ते नाव," अण्णा म्हणाले. "सगळं जाईल माझं. गद्दार म्हणतील मला, अशू."

"पुसणारच आहे. तुमचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच."

ती परत संगणकापाशी आली आणि सगळ्या सभागृहाची नंबर-नावांची जोडणी तिनं एका दमात पुसून टाकली. आता एकशे सतरा कोण, हे जगातल्या कुठल्याच यंत्राला सांगता आलं नसतं. तिनं सौमिलला तसं कळवलं. पलीकडून जे शब्द आले ते तिनं पूर्ण ऐकले नाहीत. नोकरीचं काय होणार ते तिला कळलं होतं, आणि तरी छाती कशी हलकी झाली होती.

दुसरा भाग प्रश्नांचा होता. सभागृहांतून लोक थेट नेत्यांना प्रश्न विचारणार होते. सोडतीत तिसरं नाव देवनळीचं निघालं आणि छप्पर उडेल असा जल्लोष झाला. माईक अण्णांच्या हातात आला. देवनळीची पाळी आली तर बोलायचं अण्णांनीच, हे गावात आधीच ठरलेलं होतं. मुख्यालयानं त्यांना प्रश्नही पढवून ठेवला होता. खरातबाईंना विचारायचं, 'तुमच्या सख्ख्या भावानं तुमच्याशी बोलणं का सोडलं?'

नागनाथ कानाशी कुजबुजले, "अण्णा, द्या दणका."

अण्णा उभे राहिले. पडद्यावर त्यांचा चेहरा भिंतीएवढा झाला. सारा महाराष्ट्र बघत होता. सिंधूताईंनी पदर सावरला. विंगेतून अश्लेषाला वडिलांचा चेहरा एका बाजूनं तेवढा दिसत होता.

"मी अंकुश तौर. देवनळी." ते थांबले. "मी जनसेतूचा तालुकाध्यक्ष. तीस वर्षं पक्षात आहे. माझा प्रश्न आमच्या साहेबांना आहे."

नागनाथांचा हात हवेतच राहिला.

"साहेब, मघाशी या बाई संध्याकाळच्या बसबद्दल बोलल्या. मी त्यांच्या पक्षाचा नाही. पण मी ऐकलं. मन लावून ऐकलं. आमच्याकडेही शेवटची बस साडेचारला जाते. तुम्ही याचं काय करणार, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आणि रेघ! ती अशी उसळली की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. आता राज्यातले सगळे, दोन्ही पक्षांचे आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले, एकाच उत्तराची वाट बघत होते.

मोहोळकर सावरून बसले. "आमच्या पक्षानं नेहमीच ग्रामीण भागातल्या लेकीबाळींच्या..."

रेघ धाडकन खाली आली.

मोहोळकरांना ती दिसली. त्यांनी वाक्य पुन्हा उचललं, आवाज चढवला. रेघ आणखी घसरली. ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुरलेला गडी होता, मैदान ओळखत होता.

"अंकुशराव," ते साध्या आवाजात म्हणाले, "या बसचं निवेदन तुम्ही मला दिलं होतं का हो?"

"तीनदा, साहेब."

चाळीस सभागृहं खो खो हसली.

"मी ते वाचलं नाही," मोहोळकर म्हणाले.

रेघ वर सरकली.

"आज उत्तर देतो. भाषणाच्या शेवटी बाई म्हणाल्या, संध्याकाळी मोठी बस सोडा. मी सांगतो, ती चार महिन्यांत बंद पडेल. परतीला रिकामी येते. मी दूध संघ चालवलाय, रिकामी गाडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. बस छोटी हवी, बारा-पंधरा जणांची. चालक शेवटच्या गावातलाच हवा. गाडी रात्री तिथंच मुक्कामाला राहील आणि सकाळी त्याच पोरींना घेऊन खाली येईल. रिकामी फेरी होणारच नाही."

खरातबाई पुढे झुकल्या. "आणि चालक आजारी पडला तर?"

"प्रत्येक गावात दोन जणांना परवाना काढून द्या."

"त्यातली एक बाई असली पाहिजे."

"असू द्या की. आमच्या संघात दोन बायका टेम्पो चालवतात."

"मग मोठ्या बसचा हट्ट मी सोडते," खरातबाई म्हणाल्या. "पण पैसा कुठून? रस्त्याच्या निधीतून घ्याल तर मी विरोध करीन."

दोघं भिडले. सूत्रसंचालक मध्ये तोंड घालायला गेला, तर दोघांनी एकदम हात करून त्याला थांबवलं. भाडं किती ठेवायचं, पावसाळ्यात घाट बंद पडला तर काय, सुटीच्या दिवशी गाडी कुणाची, यावर वाद झडत राहिला. देवनळीत लोक खुर्च्यांच्या टोकावर आले होते. एखादा मुद्दा बाईंचा बसला की हुंकार उठे, साहेबांनी तो परतवला की दुसरा. टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. रेघ वर होती ती वरच राहिली. ती आता कुणाच्या नावानं लावायची, ते वाहिनीलाही कळेना.

कार्यक्रम संपल्यावर लोक घरी गेलेच नाहीत. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, रसवंतीपाशी, जिथं तिथं घोळके उभे होते. "छोटी गाडीच बरोबर!" "अरे, पण पोरी वाढल्या तर?" एरवी एकमेकांचे फलक फाडणारी पोरं हातावर टाळी देऊन भांडत होती. अश्लेषा त्यांच्यातून वाट काढत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

मंगळवारी तिच्या कंपनीचं कंत्राट गेलं. बुधवारी अण्णांचं अध्यक्षपद गेलं. नागनाथ नव्या नेमणुकीचे पेढे घेऊन आले, ओशाळून दारातच उभे राहिले. "अण्णा, मी मागितलं नव्हतं हो."

"ये आत. तुला हौस होती, मला माहीत आहे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दोन पेढे उचलले.

शुक्रवारी मात्र अश्लेषाच्या साहेबांचा पुण्याहून फोन आला. दुसऱ्या वाहिनीवर आणखी एक चर्चा ठरली होती. एकताल नसेल तर येणार नाही, असं खरातबाईंनी कळवलं होतं, आणि मोहोळकरांनीही. शिवाय प्रेक्षकांची नावं कार्यक्रम सुरू होण्याआधीच पुसून टाकायची, अशी अट दोघांनी घातली होती. अश्लेषा फोन ठेवून स्वयंपाकघरात धावली आणि तिनं आईला गरकन फिरवलं. "अगं, पोळी करपेल!" सिंधूताई ओरडल्या.

मतदानाच्या दिवशी तिघं मिळून शाळेतल्या केंद्रावर गेले. वाटेत दोन्ही पक्षांची टेबलं लागली होती. अंकुश तौरांचं मत कुठं जाणार, हे आजवर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आज दोन्ही टेबलांवरची माणसं त्यांच्याकडे डोळे लावून बसली होती.

मत देऊन अण्णा बाहेर आले तसे नागनाथ पुढे झाले. "अण्णा, आपलंच ना?"

"नागनाथ, मतदान गुप्त असतं," अण्णा म्हणाले. पोरासारखे खूश दिसत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा आत जाऊन ते खरोखर विचारात पडले होते. बोट बटणाशी नेऊन थांबले होते, आणि मग त्यांनी ठरवलं होतं.

तिघं घराकडे निघाले. अश्लेषानं विचारलं नाही. वळणावर आल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "मला तरी सांगाल की नाही?"

"छे! गुप्त म्हणजे गुप्त." अण्णा मिशीत हसले. "बरं, तू कुणाला दिलंस?"

"वा! लग्न झाल्यापासून एकदाही सांगितलं नाही, ते आज सांगू होय?"

अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. "सांगितलं नाही म्हणजे? तू तर कायम आपल्याच..."

"मी असं कधी म्हणाले?" सिंधूताईंनी विचारलं.

अण्णा आठवत राहिले. सभा आठवल्या, मिरवणुका आठवल्या, पहिल्या रांगेतली खुर्ची आठवली. ते वाक्य कुठेच आठवेना.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," सिंधूताई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

"अगं! थांब! आता विचारतोय ना!" अण्णा ओरडले आणि चपला फटफटवत त्यांच्यामागे धावत सुटले.